केशवरावांचं ‘या’ आणि ‘ने’

डोक्यावर औषधालाही केस नसलेल्या त्या माणसाचं नाव केस होतं. हॉलंडमध्ये हे नाव गल्लोगल्ली असतं म्हणे, आणि उच्चारही अगदी आपल्या केसासारखाच. आमच्या आईच्या तोंडून मात्र ते निघेना. सहा फूट उंच, तुळतुळीत गुलाबी टकलाच्या, ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांना ‘केस’ अशी हाक मारायची तरी कशी? दोन दिवस अडखळून तिने त्यांचे केशवराव करून टाकले. क्वीन्सटाउनच्या आमच्या जुन्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर हे नाव इतकं रुळलं, की कोपऱ्यातल्या घरातले लिम अंकलही त्यांना ‘केशाव’ म्हणू लागले.

आमची आणि त्यांची भिंत एक. मी चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कम्प्लायन्स विभागात काम करते. कोण काय लपवतंय ते हुडकायचं आणि वर कळवायचं, हे माझं पंधरा वर्षांचं काम. हे मुद्दाम सांगते, कारण केशवरावांच्या बाबतीत लपवणाऱ्यांत मी स्वतः होते. त्यांना आपल्या घरातून हलायचं नव्हतं. पर्थला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, हेलेनला, त्यांना तिकडे न्यायचं होतं. एकदा बस पकडताना पडून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा तिने येऊन स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा एकदा पडलात की हे घर बंद आणि माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली. जाताना तिने माझा नंबर घेतला. दर रविवारी ती फोन करायची आणि मी आठवड्याची हकिकत सांगायचे. हेलेन वाईट नव्हती. वडील विमानाने पाच तासांवर एकटे राहत असले की झोप लागत नाही, हे मला पुरेपूर ठाऊक होतं. माझे बाबा गेल्यावर वर्षभरात मी आईला कर्वेनगरचा फ्लॅट बंद करायला लावून इथे आणलं, ते याच भीतीने.

आई आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने थालीपीठं केली आणि शेजारी द्यायला म्हणून ताटली घेऊन निघाली. केशवरावांचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने टकटक केली. आतून भारदस्त आवाज आला, "या." आई सरळ आत गेली. संध्याकाळी मी घरी आले तर ती भलतीच खुशीत होती. शेजारच्या साहेबांना मराठी येतं, म्हणाली, आणि बोलणंही किती अदबीचं, ‘ये’ नाही, ‘या’ म्हणाले. मी तिला समजावलं, की डच भाषेत ‘या’ म्हणजे ‘हो’. दार वाजल्यावर ‘हो, काय आहे?’ अशा अर्थाने म्हणाले असतील. तिला ते काही पटलं नाही. मग त्यांनी उठून खुर्ची कशाला दिली, म्हणाली.

खुर्ची का दिली ते मला पुढे खुद्द त्यांच्याकडून कळलं. हा माणूस स्वतःच्या लेकीलाही वेळ ठरवल्याशिवाय घरात घेत नसे. लिम अंकलची आणि त्यांची चाळीस वर्षांची ओळख, तरी त्यांनासुद्धा कॉफीला यायचं असलं तर डायरी उघडून पुढच्या गुरुवारची वेळ मिळायची. अशा माणसाच्या घरात एक अनोळखी बाई, हातात ताटली, न विचारता हसत शिरली. ते इतके गांगरले, की उभे राहिले आणि खुर्ची पुढे केली. तिला थांबवायचं कसं हे सुचेना, म्हणून शेवटी त्यांनी डायरीत रोजच्या पानावर लिहून टाकलं: सव्वादहा, शेजारीण. एकदा लिहिलं म्हटल्यावर ते मोडायचा प्रश्नच नव्हता. आई दोन मिनिटं उशिरा गेली तर ते घड्याळाकडे बघत.

सव्वादहाला कॉफी, तिच्यासोबत एक बिस्किट, आणि लगेच डब्याला झाकण. आईला आधी वाटलं माणूस चिक्कू आहे. मग लक्षात आलं, की ते स्वतःही एकच खातात. आई काही घेऊन गेली की तेही एकदाच. "अजून घालू?" असं तिने वाटी पुढे करून विचारलं, की ते म्हणत, "ने." यावर ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ‘या’ म्हणताना अहोजाहो आणि वाटी परत पाठवताना एकदम अरेतुरे! माणसाने ‘न्या’ तरी म्हणावं. डचमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नाही’, हे मी सांगितलं तेव्हा ती आधी हिरमुसली आणि मग तोंडाला पदर लावून हसत बसली. तोवर महिनाभर ते ‘नको’ म्हणत होते, ती ‘घेऊन जा’ ऐकत होती, आणि वाटी दोन्ही अर्थांनी घरी येत होती. त्या दिवसापासून तिला दोन्ही शब्द पक्के झाले. हे मी जोर देऊन सांगते, कारण पुढे त्याच्यावरच सगळं येऊन ठेपलं.

समुद्राच्या तळाची वाळू उपसणाऱ्या जहाजावर ते इंजिनिअर होते. तीन वर्षांसाठी म्हणून इथे आले, मे नावाच्या चिनी मुलीशी लग्न केलं आणि राहिले. मे गेल्याला आठ वर्षं झाली होती. चांगीचा विमानतळ जिथे आहे तिथे एके काळी पाणी होतं. ते भरायला ओतलेल्या वाळूत त्यांच्या जहाजाची वाळू होती. तुम्ही पुण्याहून येता तेव्हा माझ्या वाळूवर उतरता, असं ते माझ्यामार्फत आईला सांगत. मला चिडवायचीही त्यांची एक खास पद्धत होती. नागरिकाचं, म्हणजे त्यांचं, ओळखपत्र गुलाबी असतं, आम्हा परमनंट रेसिडेंटांचं निळं. लिफ्टमध्ये भेटले की म्हणत, आम्हा इथल्या लोकांना तुम्हा परदेशी लोकांच्या मसाल्यांचा वास आता सवयीचा झालाय हं. जिथे राहायचं तिथलं होऊन राहायचं, हा त्यांचा कडक नियम. हेलेनला त्यांनी डच शिकवलं नाही ते त्यामुळेच.

पण काही डच खोडी गेल्या नव्हत्या. त्यांच्या संडासात एक कॅलेंडर टांगलेलं असे आणि त्यात फक्त ओळखीच्यांचे वाढदिवस. रोज नजर जाते, विसरायला होत नाही, हे त्यांचं कारण. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बाहेर आली ती कानकोंडी होऊनच. मग त्यांनी तिची जन्मतारीख विचारली. आईला तिथी माहीत, तारीख कुणाला ठाऊक! शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली एक जून तिने सांगितली आणि तिचं नाव संडासात लागलं. एक जूनला सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे. आईशी हस्तांदोलन करून झाल्यावर त्यांनी माझंही अभिनंदन केलं, आणि कसलं म्हणून विचारलं तर म्हणाले, तुला आई आहे म्हणून. त्यांच्याकडे तशीच पद्धत होती.

हेलेन मनगटाच्या वेळी येऊन गेल्यावर मात्र ते बदलले. पायऱ्या उतरताना आजूबाजूला कुणी बघतंय का ते आधी पाहू लागले. मी एकदा सहज म्हटलं, की पर्थ छान आहे, नातवंडं आहेत. त्यावर ते इंग्रजीत जे म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मी देश सोडला तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि स्वतःच्या पायांनी चालत जहाजावर चढलो. आता मला कुणी ढकलत न्यावं, हे मी होऊ देणार नाही."

त्यांच्या खिडकीला पडदा नव्हता. आमच्या ब्लॉकमध्ये सामायिक व्हरांडा सगळ्यांच्या खिडक्यांवरून जातो, त्यामुळे आम्ही सगळे पडदे ओढून बसतो. केशवराव दिवा लावून उघड्यावर वाचत बसायचे. त्यांच्या गावी पडदा ओढला, की या घरात काहीतरी लपवण्यासारखं चाललंय, असं लोक समजत. एका मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर त्या खिडकीला आतून चादर खोचलेली होती. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "ने."

घरी आई कांदा चिरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, झोपले असतील. मी कम्प्लायन्सवाली, तिला सोडते थोडीच. शेवटी तिने सांगितलं. सकाळी सव्वादहाला तिने टकटक केली तेव्हा ‘या’ आलं नाही, ‘ने’ आलं. ती मुकाट परत फिरली. पण चैन पडेना, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा गेली. तोवर ते न्हाणीघरातून सरपटत येऊन खुर्चीत बसले होते, भुवईवर खोक पडली होती आणि हातातला टॉवेल लाल झाला होता. तिने जखम धुतली, पट्टी लावली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिने मान डोलावली.

मी फोन हातात घेतला. हेलेनला मी शब्द दिला होता. आई कांदा तसाच टाकून समोर येऊन उभी राहिली.

"मला इथे आणताना तू मला विचारलं होतंस का, मंजू?" ती म्हणाली. "सांगितलं होतंस. ती मुलगीही त्यांना सांगणार आहे. कळवायचं तर कळव, पण आधी मला पुण्याला पाठव. मला ते बघायचं नाही."

चार वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. मी फोन खाली ठेवला. त्या रविवारी हेलेनने विचारलं तेव्हा मी म्हटलं, सगळं ठीक आहे. ऑफिसात असं उत्तर देणाऱ्याला मी घरी बसवलं असतं.

पुढचे सात आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. आईने आणि केशवरावांनी आपसात एक व्यवस्था ठरवली. सकाळी सात वाजता ते काठीने भिंतीवर दोनदा ठोकायचे, इकडून आई लाटण्याने दोनदा. सात म्हणजे सात. मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून भिंतीकडे बघत उभी असायची. सातला एक मिनिट कमी असताना मी भिंतीला कान लावायची. ठोका पडला की मी एमआरटीकडे, म्हणजे मेट्रोकडे, पळायची, आणि जुरोंग ईस्टहून भरून आलेल्या गाडीत उभ्या उभ्या मनाशी म्हणायची, आजचा दिवस निभला. रात्री ते खोकले तरी मी जागी व्हायची. एकदा मी त्यांना जाऊन म्हटलंच, की माझ्याच्याने हे फार दिवस होणार नाही. ते म्हणाले, माझ्याच्यानेही फार दिवस होणार नाही, तेवढं सांभाळ. मी जास्तच घाबरले. लिम अंकलना सगळं कळलं होतं, पण तेही गप्प होते. विचारलं तर खांदे उडवून, इथल्या बोलीतलं ‘लाह’चं शेपूट लावून म्हणायचे, "त्याचं घर, त्याचं आयुष्य, लाह." आणि मग दिवसातून चारदा व्हरांड्यातून फेऱ्या मारायचे.

आठव्या आठवड्यातल्या त्या गुरुवारी सातचे दोन ठोके व्यवस्थित पडले. सव्वादहाला आई गेली. तिने टकटक केली आणि आतून आलं, "ने." आवाज खुर्चीच्या उंचीवरून येत नव्हता, जमिनीजवळून येत होता. तिने पुन्हा वाजवलं. "ने, ने." दार लोटलेलंच होतं. एका बोटाने उघडलं असतं.

आईने आधी मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये होते आणि फोन मुका केलेला. तिने तीनदा लावला. ती त्या व्हरांड्यात किती वेळ उभी होती ते तिने मला कधीच नीट सांगितलं नाही. आत गेलं की काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. बघितल्यावर न बघितल्यासारखं करता येणार नव्हतं, रुग्णवाहिका येणार, हेलेन येणार, घराला कुलूप लागणार. आत नाही गेलं तर काय होणार तेही तिला दिसत होतं. ज्या माणसाचं ‘ने’ तिने इतके दिवस अक्षरशः पाळलं होतं, त्याने ते तिसऱ्यांदा म्हटलं, आणि आई दार ढकलून आत गेली.

ते पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडले होते आणि उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. तिने लिम अंकलना हाक मारली, त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. मी चांगीहून पोचेपर्यंत तास गेला होता. व्हरांड्यात उभ्या आईच्या हातात त्यांच्यासाठी नेलेली डाळिंबाच्या दाण्यांची वाटी तशीच होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हेलेन दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ऑपरेशनच्या आधी आई आणि मी भेटायला गेलो तेव्हा केशवराव पूर्ण शुद्धीत होते. आईकडे न बघता ते मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मी नाही म्हटलं होतं."

मी सांगितलं. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने त्यांच्याकडेच बघत मराठीत उत्तर दिलं आणि मला ते इंग्रजीत सांगायला लावलं. "तुम्ही ‘ने’ म्हणालात. मी मराठी बाई. मला ऐकू आलं, की इथून घेऊन जा."

मी ते भाषांतर करून सांगितलं. तिला अर्थ माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्यांचं इंग्रजी विस्कटलं. सत्तेचाळीस वर्षं बोललेली भाषा भुलीत कुठेतरी राहिली आणि लहानपणची तेवढी परत आली. नर्सना कळेना, हेलेनला कळेना. रोज भेटायच्या वेळेला आई जाऊन बसायची. सूप पुढे केलं की ते म्हणत, ने. ती वाटी बाजूला ठेवायची आणि बसून राहायची. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी हेलेनला सात आठवड्यांचं सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, मी तुझ्यावर विश्वास ठेवून झोपत होते. नंतर ती माझ्या टेबलाशी कधी बसली नाही.

घरी येऊन आई मला रोज एकच विचारायची, आज काही बोलले का. तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मी तिला म्हटलं, तू त्यांचा जीव वाचवलास. "जीव वाचवला आणि घर घालवलं," ती म्हणाली. "त्यांनी जीव मागितला नव्हता."

दोन महिन्यांनी हेलेन त्यांना न्यायला आली. विमानतळावर जाण्याआधी सामान घ्यायला गाडी आमच्या ब्लॉकखाली थांबली. केशवरावांना व्हीलचेअरमध्ये बसवून खालच्या मोकळ्या जागेत आणलं होतं. ते वर येणार नव्हते. हेलेनने दोन बॅगा घेऊन कुलूप लावलं. लिम अंकलनी केशवरावांच्या हातात हात देऊन बराच वेळ हलवला आणि नाक शिंकरत खांबाआड गेले. आई लांब उभी होती. शेवटी ड्रायव्हर खुर्ची ढकलायला लागला, तेव्हा त्यांचा एक पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून घसरून फरशीला घासला. आई पटकन पुढे झाली, वाकली आणि दोन्ही हातांनी पाय उचलून जागेवर ठेवला.

ती खाली वाकलेली असतानाच त्यांनी हात उचलला. त्यांनी तो तिच्या डोक्यावरून, कपाळापासून मागे अंबाड्यापर्यंत, सावकाश फिरवला आणि म्हणाले, "आई." पुन्हा एकदा हात फिरवला, पुन्हा म्हणाले, "आई."

ती उठली. त्यांना गाडीत बसवलं, दार लागलं. काचेतून ते समोर बघत होते. लिम अंकल म्हणाले, तू तिला हाक मारतेस ना, तेच ऐकून ऐकून लक्षात राहिलंय त्याच्या. मलाही तसंच वाटलं. आई अंबाड्यावर हात ठेवून गाडीकडे बघत होती.

चार महिन्यांनी, रविवार नसताना, हेलेनचा फोन आला. ते झोपेत गेले होते. तिने आठवणीने कळवलं यानेच मला भरून आलं. बोलणं संपताना मी धीर करून तिला विचारलं, की निघताना ते माझ्या आईला ‘आई’ का म्हणाले असतील. मला डचमधला हा एकच शब्द येतो, ती म्हणाली. लहानपणी ताप आला की पप्पा उशाशी बसून केसांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, ‘आई, आई’. त्यांच्या भाषेत मायेने हात फिरवण्याला तसंच म्हणतात.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. ते गेले हे आधी सांगितलं, मग त्या शब्दाचा अर्थ सांगितला. म्हणजे त्यांच्या मनात राग नव्हता, असंही मी पुढे जोडलं. तिला तेवढंच ऐकायचं असणार, असं मला वाटत होतं.

"ते मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "डोक्यावरून हात फिरल्यावर अर्थ कुणाला विचारायचा?"

मग तिने पिठाचे हात धुतले आणि तव्याखालचा गॅस बंद केला.